यादीत नाव, आणि नावापुढे माणूस



सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा आपण पाठवलेली मदत आम्ही जेऊरला उतरवून घेतली आणि करमाळा तालुक्याच्या पूर्वेकडच्या, नदीकाठच्या वस्त्यांवर नेली. किती किट वाटले ते आपणांस कळवले आहे. कोणाला मिळाले नाही, ते आज लिहिते.

पहिल्या दिवशी आम्ही टेम्पो शाळेपुढे उभा केला आणि रांग लावली. येईल त्याला किट. दोन तासांत टेम्पो रिकामा झाला, आणि आम्ही प्रभूचे आभार मानून परत फिरलो. संध्याकाळी एका पारधी वस्तीवर गेलो, तर बांधावर टाकलेल्या बाजेवर एक बाई बसलेली. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. पाणी चढले तेव्हा पुतण्याने तिला पाठीवर घेऊन वर आणले. तीनचाकी सायकल मागेच राहिली आणि गाळात गेली. मी किट पुढे केले. ती म्हणाली, “ताई, धान्य राहू द्या. आधी मला आडोशाला न्या.” कोणाला सारखे उचलायला सांगायचे, म्हणून तिने दोन दिवस पाणीच घेतले नव्हते. तिच्या वाटचे किट रांगेत कोणीच मागितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

आमच्या मनात वाईट काही नव्हते. पण जी मदत चौकात उभी राहून हाक मारते, ती चालू शकणाऱ्यालाच मिळते. भोंग्यावरून दिलेला इशारा बहिऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही. आंधळ्या माणसाची वाट पायांना पाठ असते. पूर ती वाट पुसून टाकतो. फिट येणाऱ्याच्या गोळ्या वाहून गेल्या आणि औषध एकदम बंद पडले, तर झटके वाढतात. ज्याला अंथरुणातून हलता येत नाही, त्याला ओल्या फरशीवर थोड्याच दिवसांत जखमा होतात. गर्दीच्या खोलीत घाबरून ओरडणाऱ्या मतिमंद मुलाला घेऊन त्याची आई बाहेर पावसात बसते. संयुक्त राष्ट्रांनी 2013 साली अनेक देशांतील दिव्यांगांना विचारले होते, तेव्हा अडचणीशिवाय ताबडतोब बाहेर पडता येईल असे पाचांतील एकानेच सांगितले.

याविषयी कायदा आहे, आणि तो चांगला आहे. भारताने 2007 साली दिव्यांगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 आला. त्याचे आठवे कलम म्हणते की आपत्तीत दिव्यांगांना इतरांइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोका असेल तेव्हा त्यांना कळेल अशा रीतीने कळवायचे, हेही त्यातच आहे. म्हणजे ही दया नाही, हक्क आहे. आपण मंडळीत “बिचारे” हा शब्द फार सहज वापरतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

अडचण आहे ती नोंदीत. नोंद व्हायला प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राला आधार लागतो, आणि दवाखान्याच्या दोनतीन खेपा. जिला उचलून न्यावे लागते तिच्या एका खेपेला गाडीभाडे लागते आणि घरच्या दोघांची मजुरी बुडते. शिवाय पारधी वस्तीवर “यादी” हा शब्दच जड आहे. मी वही काढून नावे विचारू लागले, तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “नाव कशाला? हजेरीला?” इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात यांच्या आजापणजांची नावे लिहिली गेली ती हजेरीसाठीच. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. 31 ऑगस्ट 1952 ला या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. नाव लिहून घेणाऱ्याची भीती मात्र अजून गेलेली नाही. मी वही मिटली.

पुढच्या भेटीत वही त्यांच्याच ताब्यात दिली. वस्तीवरची दहावी शिकलेली एक सून ती लिहिते. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: पाणी आले तर कोण उचलणार, तो घरी नसेल तर दुसरा कोण, आणि सोबत काय न्यायचे – कुबडी, गोळ्या, चष्मा, प्रमाणपत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत. ज्यांची तयारी आहे त्यांचीच नावे आम्ही ग्रामपंचायतीला देतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यातून शाळेला उतरंड आणि धरायला दांडी असलेला संडास मागता येतो. पूरग्रस्तांना त्या शाळेतच ठेवतात, तेव्हा पायऱ्यांचा प्रश्न आधीच सुटलेला बरा. पंचनाम्याच्या वेळीही घर, जनावरे, धान्य यांच्याबरोबर वाहून गेलेली सायकल आपणच आठवणीने सांगावी.

या दिवसांत मला 2 शमुवेलच्या चौथ्या अध्यायातले एक वचन वारंवार आठवते. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन घाईने पळाली, तो पडला आणि लंगडा झाला. धर्मशास्त्र शिकताना परीक्षेसाठी हे मी पाठ केले होते, पण पळापळीतच एक मूल अपंग झाले हे ध्यानात आले नव्हते. नवव्या अध्यायात दावीद चौकशी करतो, सीबाकडून तो लो-दबारात आहे हे कळते, आणि माणसे पाठवून त्याला आणवतो. मफीबोशेथ रांगेत उभा राहिला नव्हता.

आता आम्ही वाटप वस्तीच्या टोकाच्या घरापासून सुरू करतो आणि रांग शेवटी लावतो. वेळ दुप्पट लागतो, डिझेलही जास्त लागते. त्या बाईंना नवीन सायकल मिळायची आहे. प्रमाणपत्रासाठी एक खेप झाली, दुसरी व्हायची आहे. कृपया तिच्यासाठी प्रार्थना करावी.

आणि एक विनंती. घरातल्या जुन्या कुबड्या पाठवणार असाल तर जोडीने पाठवा, उंची चिठ्ठीवर लिहा, आणि खालची रबरी टोपी झिजली असेल तर नवीन बसवा. चिखलात त्या टोपीवरच सगळा भार असतो.