तीन लक्ष डॉलरचे पत्र

व्यापारी घराण्यांना पत म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु सभासदत्व देण्यापूर्वीच कर्जाचे हमीपत्र मागावे, आणि सभासदत्व नाही म्हणून बँकेने ते पत्र नाकारावे, अशी कोंडी झाली तर? न्यूयॉर्क शेअरबाजाराची पायरी चढताना म्यूरिएल सीबर्ट यांची नेमकी हीच कोंडी झाली होती.

सीबर्ट मूळच्या क्लीव्हलँडच्या. वडिलांच्या कर्करोगामुळे त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. १९५४ साली एक जुनी मोटार व ५०० डॉलर घेऊन त्या न्यूयॉर्कला आल्या आणि एका दलाली पेढीत आठवड्याला ६५ डॉलरवर उमेदवारी करू लागल्या. ही नोकरी मिळविताना आपण पदवीधर असल्याचे त्यांनी खोटेच सांगितले होते. त्या असत्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. ते त्यांनी पुढे स्वतःच उघड केले. विमान कंपन्यांच्या हिशेबांची त्यांची पारख वाखाणली जाई, परंतु त्याच कामाचे पुरुषांना अधिक वेतन मिळे. पेढ्या बदलूनही हा भेद मिटेना. समान वेतन कोठे मिळेल, असे त्यांनी जेरल्ड साय या नामांकित गुंतवणूकदारास विचारले. कोठेही नाही, स्वतःच सभासदत्व विकत घ्या, असे उत्तर आले.

मुंबईचे जुने दलाल ज्याला ‘कार्ड’ म्हणत, तेच न्यूयॉर्कचे ‘सीट’. स्त्रियांना मज्जाव करणारा लेखी नियम नव्हता. अडथळे निराळेच होते. पाठिंब्याची सही मागितली, तेव्हा पहिल्या दहांपैकी नऊ जणांनी नकार दिला. सीटची किंमत होती ४,४५,००० डॉलर. त्यांपैकी ३,००,००० डॉलर कर्जाऊ देण्याचे बँकेचे पत्र आणा, असे बाजाराने सांगितले. अशी अट पूर्वी कोणा पुरुषास घातली गेली नव्हती. बँका म्हणत, आधी सभासद व्हा. बाजार म्हणे, आधी पत्र आणा. या चक्रात कित्येक महिने गेले. अखेर चेस मॅनहॅटन बँकेने पत्र दिले आणि २८ डिसेंबर १९६७ रोजी सीबर्ट सभासद झाल्या. बाजाराच्या स्थापनेस तेव्हा १७५ वर्षे झाली होती. १,३६५ पुरुष आणि त्या एकट्या, अशी स्थिती पुढे जवळजवळ दशकभर राहिली.

त्यांनी स्वतःची पेढी काढली. १ मे १९७५ रोजी दलालीचे ठरावीक दर रद्द झाले, त्याच दिवशी त्यांनी आपली दलाली कमी केली. शंभर डॉलरची नोट कात्रीने कापतानाचे छायाचित्र त्यांनी जाहिरातीत छापविले! ग्राहक खूश झाले. जुन्या दरांवर पोसलेल्या समव्यावसायिकांना ते रुचणे शक्यच नव्हते. १९७७ साली त्या न्यूयॉर्क राज्याच्या बँक अधीक्षक झाल्या. ज्यांच्या दारी एका पत्रासाठी हेलपाटे घातले, त्यांच्याच कारभारावर आता त्यांची देखरेख होती. बँकांच्या दृष्टीने तो काळ कठीण होता. तरी त्यांच्या कारकिर्दीत राज्यातील एकही बँक बुडाली नाही.

शेअरबाजाराच्या सातव्या मजल्यावरील भोजनगृहाजवळ स्त्रियांसाठी स्वच्छतागृह मात्र १९८७ पर्यंत नव्हते. वर्षअखेरपर्यंत सोय न झाल्यास फिरते शौचालय आणवून तेथे ठेवीन, असे सीबर्ट यांनी अध्यक्षांना बजावले. स्वच्छतागृह बांधले गेले.