नसलेल्या यंत्राची खिडकी

जासईवरून उरणच्या बाजूला जाणारे कंटेनरचे ट्रेलर या भागातल्या श्रोत्यांना काही नवे नाहीत. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि ही वर्दळ वाढतच गेली. बंदराच्या गेटवर ट्रेलर थांबतो, कागद आणि कंटेनरचा नंबर तपासला जातो, गाडी आत जाते. आतला माल कोणी तिथे एकेक करून मोजत बसत नाही. तसे केले तर रांग थेट जासईपर्यंत येईल!

संगणकाच्या पोटातही असेच एक गेट असते. त्याला रजिस्टर म्हणतात. कचेरीतले रजिस्टर म्हणजे जाडजूड वही. इथे मात्र रजिस्टर म्हणजे एक आकडा मावेल एवढा कप्पा. डिस्क असो वा नेटवर्क कार्ड, प्रत्येक उपकरणाला असे काही कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला पत्ता आणि ठरलेला अर्थ असतो. संगणकाचा कारभार पाहणाऱ्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, एका कप्प्यात आकडा लिहितो आणि डिस्क कामाला लागते. काम झाले की नाही, हे तो दुसऱ्या कप्प्यात वाचतो.

आता गंमत पाहा. पनवेलला २०२० मध्ये मोठे डेटा सेंटर उभे राहिले. अशा ठिकाणी एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक भाडेकरूंसारखे नांदतात. प्रत्येकाला वाटते, माझी डिस्क वेगळी. प्रत्यक्षात ती नसतेच. त्याच्या कर्नेलने कप्प्यात आकडा लिहिला की प्रोसेसर त्याला तिथेच थांबवतो आणि सूत्रे देखरेख करणाऱ्या प्रोग्रामकडे देतो. तो आकडा पाहून खऱ्या डिस्कवर काम करून घेतो. या थांब्यात प्रोसेसरचे हजारो ठोके वाया जातात.

म्हणून आभासी उपकरणाचे कप्पे आखताना पहिला नियम असा, की थांबे कमी ठेवायचे. ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल यांनी २००८ मध्ये मांडलेल्या ‘व्हर्टआयओ’ या पद्धतीत माहितीचा सगळा माल दोघांना दिसणाऱ्या सामाईक स्मृतीत ठेवतात. रजिस्टरमध्ये लिहायचे ते एवढेच, की अमुक रांगेत नवे काम आले आहे. म्हणजे कप्पा फक्त घंटा वाजवतो.

दुसरा नियम शब्द पाळण्याचा. एकदा जाहीर केलेल्या कप्प्याचा अर्थ बदलता येत नाही, कारण असंख्य कर्नेल त्यावर विसंबलेले असतात. म्हणून व्हर्टआयओमध्ये आधी ओळख पटवतात. उपकरणाचा प्रकार आकड्यात असतो: १ म्हणजे नेटवर्क, २ म्हणजे डिस्क. मग उपकरण आपल्याला काय काय येते ते सांगते आणि कर्नेल त्यातले समजेल तेवढेच स्वीकारतो. त्यामुळे जुना कर्नेल आणि नवे उपकरण यांचे जमून जाते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: येणाऱ्या प्रत्येक आकड्याची तपासणी. ‘क्यूईएमयू’ नावाच्या प्रोग्राममध्ये जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल होती. तिच्या एका कप्प्यातून आलेली माहिती ५१२ बाइटच्या जागेत साठत असे. काही आज्ञांच्या वेळी मोजणी पुन्हा शून्यावर येतच नसे. भाडेकरू लिहीतच राहिला, तर माहिती जागेबाहेर सांडे. ही चूक २००४ पासून तशीच होती आणि २०१५ मध्ये ‘व्हेनम’ या नावाने उघडकीस आली. त्या फटीतून एखाद्या भाडेकरूला भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या माहितीपर्यंत जाता आले असते. फ्लॉपी तर तोवर फारसे कोणी वापरतही नव्हते. काही ठिकाणी ती बंद केल्यावरही तिचा प्रोग्राम जागाच राहत होता.

श्रोतेहो, आज बँकेची खाती, रुग्णालयांचे अहवाल, दाखले अशा आभासी संगणकांवर असतात. तेव्हा आखणाऱ्याने खिडक्या मोजक्या ठेवाव्यात, प्रत्येक खिडकीवर माप लावावे आणि जी लागत नाही ती खिडकी भिंत बांधून बुजवून टाकावी.