पहिला घास – भाग ६ : ‘भाजी संपव, मग चॉकलेट’

गेल्या आठवड्यात उष्टावणानंतरच्या मऊ भाताबद्दल बोललो. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेक घरांत सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस ते तोंड घट्ट मिटून बसतं आणि ‘आमचा काही खातच नाही’ हे गाऱ्हाणं सुरू होतं.

आधी या गाऱ्हाण्याकडेच पाहू. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. मूल बिघडलेलं नसतं, त्याला तेवढंच लागत असतं. पण आपण घाबरतो आणि वाटी घेऊन त्याच्यामागे फिरू लागतो. चिऊ-काऊ झाले, बागुलबुवा झाला, हल्ली मोबाइल झाला, की शेवटी चॉकलेटचं आमिष.

आमिषाने त्या दुपारी भाजी पोटात जाते, हे खरं. पण पुढे काय होतं? लिअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर १९८४ मध्ये हेच तपासलं. लहान मुलांना एक पेय दिलं. काहींना ते प्यायल्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी मिळे, काहींना काहीच नाही. बक्षीस आणि शाबासकी मिळालेल्या मुलांची त्या पेयाची आवड उलट घटली. माझ्या मते मुलाचा हिशेब सरळ असतो. जे खाण्यासाठी लाच द्यावी लागते, ते चांगलं कसं असेल? आणि जे बक्षीस म्हणून मिळतं, ते नक्कीच भारी असणार. भाजीची नावड आणि चॉकलेटची ओढ आपण एकाच वाक्यात शिकवतो.

आग्रहाची गतही तीच. बर्च यांच्याच गटाने २००६ मध्ये २७ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात जेवताना ‘सूप संपव’ असं मुलांना पुन्हापुन्हा सांगितलं जाई. कुणी मागे लागलं नाही तेव्हा मुलं जास्त सूप प्यायली. आग्रह झाला तेव्हा त्यांनी १५७ वेळा कुरकुर केली, एरवी फक्त ३० वेळा.

यात एक गुंता आहे. मूल बारीक असतं म्हणून आई आग्रह करते, आणि आग्रहामुळे ते आणखी कमी खातं. सुरुवात कुठून झाली, हे शोधण्यात अर्थ नाही. त्यातून ‘पोराच्या हाडाला मांस नाही’ हे ऐकावं लागतं ते एकट्या आईलाच. मुलाआधी तिच्यावरचा दबाव उतरायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. बाबांनो, आजी-आजोबांनो, हे काम तुमचं आहे.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची वाटणी सुचवली आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. आपल्या घरात हे अवघड नाही. सगळ्यांबरोबर पान मांडा, वरणभाताशेजारी दोन फोडी भाजी वाढा आणि तुम्ही तुमचं जेवा. मात्र मुलाचं वजन घटत असेल किंवा वाढ थांबली असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

या आठवड्यात रोजचं एक जेवण ‘अजून एक घास’ न म्हणता करून पाहा आणि काय घडलं ते वहीत टिपून ठेवा. पुढच्या भागात त्याच नोंदी घेऊन नव्या भाजीशी ओळख कशी करून द्यायची ते पाहू.