शुल्क कोणी ठरवावयाचे?

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना युरोपीय संघ म्हणजे जकात आणि सामाईक बाजारपेठ एवढेच ठाऊक असते. पण ही बाजारपेठ विद्यापीठाच्या दारात कशी पोहोचली, ती हकीकत मला अधिक उद्बोधक वाटते.

१९५७ च्या रोम येथील आर्थिक करारात विद्यापीठांसाठी वेगळे कलम नव्हते. होते ते व्यवसाय-प्रशिक्षणाविषयी. पुढे फ्रान्स्वाज ग्रॅव्हिए ही फ्रेंच तरुणी चित्रकथांची कला शिकण्यासाठी बेल्जियममधील लिएज येथे गेली. तिच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांचे खास शुल्क मागण्यात आले : २४,६२२ बेल्जियन फ्रँक. बेल्जियन विद्यार्थ्यांना ते नव्हते. वाद लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला. १३ फेब्रुवारी १९८५ रोजी निकाल लागला, की एखाद्या व्यवसायासाठी तयार करणारे शिक्षण, मग ते कोणत्याही पातळीचे असो, व्यवसाय-प्रशिक्षणच होय; आणि त्यात दुसऱ्या सदस्य-देशाच्या नागरिकाकडून असे जादा शुल्क घेणे हा भेदभाव आहे. व्याख्या रुंदावली की अधिकारही रुंदावतो, तो असा!

राष्ट्रे सावध झाली. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात शिक्षणाला स्वतंत्र कलम मिळाले. पण अभ्यासक्रम व शिक्षणव्यवस्था ही राष्ट्रांचीच जबाबदारी राहील आणि त्यांचे कायदे एकसारखे करता येणार नाहीत, असे कुंपणही त्यातच घातले गेले. गंमत अशी, की १९९९ मध्ये बोलोन्या येथे २९ देशांच्या प्रतिनिधींनी संघाच्या चौकटीबाहेर, आपखुशीने, पदव्यांची रचना जुळवून घेण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. घरी अप्रिय ठरणारी सुधारणा 'युरोप'च्या नावाने पुढे रेटणे मंत्र्यांना सोयीचे वाटले असावे, असे माझे मत आहे.

तथापि खर्चाचा प्रश्न उरतोच. दाखला कुठला आणि जागा कोणाची, हे आम्हा सीमाभागातील विद्यार्थ्यांना निराळे समजावून सांगावयास नको. ऑस्ट्रियात तेच झाले. जर्मनीत वैद्यकाच्या जागा मर्यादित, म्हणून तेथील विद्यार्थी भाषा एकच असलेल्या शेजारी देशाकडे वळत. मायदेशी त्याच विषयाला प्रवेश मिळण्याची पात्रता दाखवा, ही ऑस्ट्रियाची अट न्यायालयाने ७ जुलै २००५ रोजी बेकायदा ठरविली. ऑस्ट्रियाने २००६ मध्ये वैद्यकाच्या ७५ टक्के जागा ऑस्ट्रियातील शालान्त प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी राखल्या. बाहेरचे विद्यार्थी शिकून परत जातील आणि देशात डॉक्टर कमी पडतील, हा त्याचा युक्तिवाद. युरोपीय आयोगाने तो आकडेवारीनिशी सिद्ध करावयास लावला आणि अखेर २०१७ मध्ये मान्य केला, तोही वैद्यकापुरताच. दंतवैद्यकासाठी मात्र नाही.