एअर फ्रायर : तळण नव्हे, भाजण

आमच्या वसई-विरारकडील घरांत गेल्या काही वर्षांत ज्या नव्या वस्तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन बसल्या आहेत, त्यांत एअर फ्रायर नामक यंत्राची गणना प्रथम करावी लागेल. त्याच्या आगमनाची कारणे बहुधा दोन असतात. घरातील वडील माणसास डॉक्टरांनी तळलेले वर्ज्य केलेले असते. किंवा घरातील मिळवती माणसे चर्चगेटपासून साठ किलोमीटरचा लोकलप्रवास करून रात्री परततात आणि कढईपाशी उभे राहण्याचे त्राण कोणातही उरलेले नसते. यंत्राचे स्वागत पहिले आठ दिवस थाटात होते. पुढे अळूवडी चिवट झाली, केळ्याचे काप पांढरे राहिले, साबुदाण्याचे वडे कोरडे पडले, अशा तक्रारी सुरू होतात आणि महिन्याभरात त्या यंत्राची रवानगी माळ्यावर होते. ज्या वडील माणसासाठी ते आणले, त्याच्या पानात पुनश्च उकडलेली भाजी तेवढी येऊन पडते.

आमच्या मते ह्यात दोष यंत्राचाही नाही आणि सुगरणीचाही नाही. दोष आहे तो नावाचा. हॉलंडमधील फ्रेड व्हान डर वाय ह्या संशोधकाने तयार केलेले हे यंत्र फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिन येथील प्रदर्शनात लोकांपुढे मांडले, तेव्हा त्याच्या नावातच ‘तळणारे’ हा शब्द घातला गेला. वस्तुतः त्याच्या पोटात तळण्याची कोणतीच क्रिया घडत नाही. वरच्या अंगास विजेने तापणारे वेटोळे, त्यावर वेगाने फिरणारा पंखा आणि खाली छिद्रे पाडलेली जाळी, एवढाच त्याचा संसार. वेटोळ्याने तापलेली हवा पंख्याच्या जोराने पदार्थाभोवती घुमत राहते. ही लहानशी भट्टी होय. मात्र तिच्यातील वारा स्थिर नसून वाहता आहे.

संस्कृतातील भ्रस्ज् ह्या धातूपासून आपले ‘भाजणे’ आणि ‘भाजणी’ हे शब्द आले. चणे-फुटाणे भाजणाऱ्याच्या पात्रास ‘भ्राष्ट्र’ म्हणत. भडभुंज्याची कृती पाहिलेल्यांस हे यंत्र समजणे मुळीच कठीण नाही. तो तापलेल्या वाळूत चणे टाकतो आणि सतत हालवीत राहतो. वाळूचा कण न् कण प्रत्येक दाण्यास सर्व बाजूंनी उष्णता देतो. येथे वाळूच्या जागी वारा आहे, एवढाच भेद. म्हणून ह्या यंत्रास तळणाचे नियम न लावता भाजणाचे नियम लावावेत, म्हणजे ते आज्ञाधारक सेवकाप्रमाणे वागू लागते. ह्या लेखात सांगावयाचे ते मुख्यतः एवढेच. पुढील सर्व विवेचन ह्या एका सूत्राचा विस्तार आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. पदार्थाच्या पृष्ठभागावर जोवर ओल आहे, तोवर त्या पृष्ठभागाचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर फारसे चढत नाही. खमंगपणा व तांबूस रंग ज्या रासायनिक क्रियेने येतात, तिचे वर्णन मैयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. ती क्रिया १४० अंशांच्या सुमारास जोर धरते. आता पाहा, एक ग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७० कॅलरी उष्णता पुरते. परंतु त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० कॅलरी लागतात. कढईतील तेल ही उष्णता झपाट्याने पुरविते. हवा त्या मानाने उष्णतेची फार मंद वाहक आहे. पंख्याने ढकलली तरी तेलाची बरोबरी ती करू शकत नाही. तात्पर्य, ओला पदार्थ यंत्रात घातला की पुष्कळसा वेळ पाणी उडविण्यातच खर्च होतो आणि रंग येण्यापूर्वीच आतला गाभा सुकून जातो. साबुदाण्याचे वडे बाहेरून फिके आणि आतून कोरडे का होतात, ह्याचे उत्तर येथे आहे.

म्हणून पहिला नियम असा की, पदार्थ कोरडा करून घालावा. बटाट्याच्या फोडी पाण्यातून काढल्यावर स्वच्छ फडक्याने टिपाव्यात. भेंडी धुऊन, पुसून, मगच चिरावी. अळूवडीचा उंडा उकडल्यावर तो पूर्ण निवू द्यावा. एक रात्र ठेवल्यास अधिकच चांगले. निवल्यावर त्याच्या वड्या नीट पडतात आणि पृष्ठभागावरील वाफेची ओलही निघून जाते. साबुदाणा भिजवून झाल्यावर त्यात पाण्याचा थेंबही सुटा राहू नये, आणि वडे गोल न करता चपटे, अर्ध्या इंचाहून थोडे अधिक जाड, असे थापावेत.

दुसरा नियम तेलाचा. ‘तेलाविना तळण’ ह्या जाहिरातीच्या भाषेवर विश्वासून पुष्कळ लोक तेलाचा थेंबही लावीत नाहीत. हे योग्य नव्हे. तेलाचा पातळ थर पदार्थाच्या खाचाखोचांत शिरून वाऱ्याची उष्णता आत पोहोचवितो, रंग आणतो आणि चवही देतो. विशेषतः ज्यांस पीठ किंवा रवा लावावयाचा असतो, त्या पदार्थांत तेल अपरिहार्य आहे. आमच्या वसईच्या राजेळी केळ्यांचे काप रवा व तांदळाच्या पिठात घोळवून तसेच यंत्रात घातले, तर पीठ पांढरे ते पांढरेच राहते; कारण कोऱ्या पिठास भिजविणारे कढईत तेल असते, येथे काहीच नसते. काप घोळविल्यावर दोन्ही अंगांस कुंच्याने तेल लावावे. बारा वड्यांस किंवा कापांस एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, तेल पुरते. त्यातून सुमारे ४० किलोकॅलरी मिळतात. बाजारात मिळणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यांपेक्षा कुंचा बरा. त्या डब्यांतील काही द्रव्यांचा जाळीवर चिकट थर बसतो आणि तो निघता निघत नाही.

तिसरा नियम जागेचा. चार लिटरांचे यंत्र म्हणजे चार लिटर पदार्थ, असा समज करून घेऊ नये. येथे उंचीचा उपयोग नाही. जाळीच्या तळाचे क्षेत्रफळ तेवढे मोजावे. वड्या एकीवर एक रचल्या की मधून वारा जात नाही, वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजी उकडणे सुरू होते. दोन वड्यांत बोटभर अंतर असावे आणि निम्मा वेळ झाल्यावर त्या उलटाव्यात. शेंगदाणे, फोडी ह्यांसारख्या सुट्या पदार्थांचे दोन थर चालतील, पण ते दर चार-पाच मिनिटांनी हालवावेत. भडभुंजा हात थांबवीत नाही, ह्याचे स्मरण ठेवावे.

चौथा नियम आचेचा. यंत्र तीन-चार मिनिटे रिकामे तापवून मग पदार्थ घालावा. अळूवडी व कोथिंबीरवडी १८० अंशांवर दहा ते बारा मिनिटे. साबुदाण्याचा वडा १९० अंशांवर पंधरा मिनिटांच्या आसपास. शेंगदाणे १६० अंशांवर आठ ते दहा मिनिटे. हे आकडे आरंभासाठी आहेत. प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा असल्याने पहिल्या खेपेस दोन मिनिटे आधीच उघडून पाहावे. मोठ्या ओव्हनसाठी लिहिलेली कृती वापरावयाची असेल, तर आच १५ ते २० अंशांनी आणि वेळ एक-पंचमांशाने कमी धरावा.

आता एकत्र कुटुंबाची अडचण पाहू. ही यंत्रे लहान कुटुंबांसाठी घडविलेली असतात. दहा माणसांच्या घरात चाळीस अळूवड्या करावयाच्या म्हणजे बारा-बाराच्या चार खेपा; एकेकीस बारा मिनिटे धरली तर पाऊण तासाहून अधिक वेळ होतो. पहिली खेप पानात पडते तेव्हा चौथी यंत्रात असते, आणि ती करणारी सून किंवा सासू सर्वांच्या शेवटी निवलेल्या वड्या घेऊन बसते. ह्यावर उपाय आहे. सर्व खेपा संध्याकाळीच तीन-चतुर्थांश, म्हणजे आठ-नऊ मिनिटे, भाजून ताटात पसरून ठेवाव्यात, झाकू नयेत. पाने वाढण्याच्या वेळी त्या २०० अंशांवर तीन-तीन मिनिटे फिरवाव्यात. ह्या दुसऱ्या खेपेस पृष्ठभाग आधीच सुकलेला असल्याने वड्या थोड्या दाटीने घातल्या तरी चालतात, दोन घाण्यांत काम उरकते, आणि करणारीही पंगतीत बसू शकते. आमच्या मते ह्या यंत्राचा खरा लाभ तेलाच्या बचतीइतकाच ह्या गोष्टीत आहे.

ह्या यंत्राने काय होणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पुरी फुगते ती तेलाच्या एकदम मिळणाऱ्या उष्णतेने. वाऱ्यावर तिचा पापुद्रा वाळतो. भजी व बटाटेवडे ह्यांचे पातळ पीठ जाळीतून ओघळते. वसईच्या ख्रिस्ती बांधवांकडे सणास होणारे फुगेही ह्याच कारणाने कढईतच करावेत. अशा पदार्थांसाठी कढईचा मान कढईस द्यावा, आणि ते सणावारी बेताने करावेत. अनेकांस मोह होतो तो सुकेळ्यांचा. आगाशीकडची सुकेळी म्हणजे पिकली राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात सुकविलेली. ज्या यंत्राची किमान आच ८० अंश आहे, त्यात केळे घातल्यास बाहेरची साल चामड्यासारखी कडक होते आणि ओल आत कोंडून राहते. मंद सुकविणे ही निराळी विद्या आहे. ती उन्हाकडेच राहू द्यावी.

याउलट पावसाळ्यात हे यंत्र आमच्या भागास वरदान ठरते. समुद्रकाठच्या दमट हवेत चकली, शेव, भाजलेले दाणे दोन दिवसांत सादळतात. १५० अंशांवर तीन मिनिटे फिरवून पूर्ण निवू दिल्यास ते पुन्हा कुरकुरीत होतात. कुरकुरीतपणा निवतानाच येतो, म्हणून गरम असताना डबा लावू नये. मात्र पापड व पोहे हलके असल्याने पंख्याच्या वाऱ्याने उडून तापल्या वेटोळ्यास चिकटतात आणि जळतात. पापडावर तारेची लहान जाळी ठेवावी. पोहे ह्या यंत्रात घालूच नयेत. रिकाम्या यंत्रात कागद ठेवून तापविणे त्याच कारणाने धोक्याचे आहे.

विजेविषयी थोडे. ही यंत्रे साधारणतः १५०० वॅटची असतात. २३० व्होल्टवर त्यांस साडेसहा अँपियर विद्युत्प्रवाह लागतो, आणि आपल्या भिंतीवरील लहान सॉकेट ६ अँपियरचे असते. तेव्हा १६ अँपियरच्या मोठ्या सॉकेटातच यंत्र जोडावे. मिक्सर, इस्त्री व एअर फ्रायर एकाच लांब वायरीच्या पट्टीवर जोडणे म्हणजे आगीस आमंत्रण होय. यंत्राच्या पाठीमागे वीतभर जागा मोकळी सोडावी आणि ते गॅसच्या शेगडीवर कधीही ठेवू नये. खर्चाची भीती मात्र बाळगू नये. बारा मिनिटांच्या एका खेपेस फार तर ०.३ युनिट वीज लागते. काम झाल्यावर जाळी कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ स्पंजाने पुसावी. तारेच्या घासणीने तिचा लेप निघतो.

शेवटी आरोग्याची गोष्ट. तेल कमी झाले म्हणजे पदार्थ पथ्याचा झाला, असे नाही. साबुदाणा वाऱ्यावर भाजला तरी पिष्टच राहतो. मधुमेह्याने तो मोजूनच घ्यावा. मीठही तेवढेच असते. शिवाय बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर फार वेळ तापविले असता त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगास कारण झाल्याने त्याविषयी सावध राहणे बरे. उपाय सोपा आहे : कच्चे बटाटे शीतकपाटात ठेवू नयेत, फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून मग पुसाव्यात, आणि रंग सोनेरी आला की थांबावे; तपकिरी होऊ देऊ नये.

एवढे पाळले म्हणजे ह्या यंत्रास माळा पाहावा लागणार नाही. ज्यांच्या पानात पथ्यामुळे निराळी वाटी वाढावी लागते, त्यांस त्या वाटीपेक्षा आपण पंगतीतून वेगळे पडलो ह्याचेच दुःख अधिक असते. चार अळूवड्या सर्वांच्या पानांत सारख्याच पडल्या, तर ते दुःख पुष्कळ हलके होते. एका लहानशा वाऱ्याच्या भट्टीकडून ह्याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.