माकूल टाकीत का रमत नाही?

मालगुंडच्या वाळूत पांढरा, होडीच्या आकाराचा, पिसासारखा हलका तुकडा कधीतरी हाती लागतो. हा समुद्रफेस, पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात तोच. रुंद, चपट्या माकुलाच्या पाठीतलं हे चुन्याचं कवच.

त्याच्या आत पातळ पडद्यांचे मजल्यावर मजले असतात. माकूल या कप्प्यांतल्या पाण्यातले क्षार शोषून घेतं. क्षारांमागोमाग पाणीही बाहेर पडतं आणि मोकळ्या जागेत हळूहळू वायू शिरतो. शरीर हलकं होतं, पोहण्याचे कष्ट न घेता तरंगतं. पाणी परत आत घेतलं की जड.

परदेशात काही हौशी लोक माकूल घरच्या टाकीत पाळतात. मला तो हट्टच वाटतो. घाबरलं की ते नळीतून पाणी फेकत उलटं सुसाटतं आणि काचेवर आदळतं; मागची कातडी सोलून जखम चिघळते. वर शाई सोडली तर टाकीचं पाणी बदला! गंमत म्हणजे त्याच्या निळसर रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते तांबंच, पण माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध पाण्यात पडलं तर ते दगावतं. पिल्लांना खायला जिवंत भक्ष्य लागतं.

आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं. अंडी घातल्यावर मादी लवकरच मरते, म्हणून पाळणारे बरेचदा अंड्यांपासूनच सुरुवात करतात.