पंपाला किती?

खरिपाच्या तोंडावर बियाण्याची पिशवी घेताना गेवराई-माजलगावकडचं गिऱ्हाईक कृषी सेवा केंद्रात फारसं बोलत नाही. वाण घरूनच ठरलेला असतो. दुकानदाराची पारख होते ती फवारणीच्या दिवसांत. खिशातून कपाशीचं चुरगळलेलं पान निघतं, पण गल्ल्यावर तरुण पोरगा दिसला तर पहिला प्रश्न पानाचा नसतोच : "मालक नाहीत का?" पोरगा बीएस्सी ॲग्री असेल, पान उलटून खालचे तुडतुडे चटकन दाखवेलही. तरी औषधाची बाटली हातात पडल्यावर "पंपाला किती टाकायचं?" हे मागच्या खुर्चीतल्या पिकल्या केसांनाच विचारलं जातं. शेतकरी पांढऱ्या केसांना भुलतो, असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते पटत नाही. हेच गिऱ्हाईक मोबाईलच्या दुकानात सगळ्यात लहान पोरापुढे जाऊन उभं राहतं. मोबाईल बिघडला तर दुरुस्त होतो, गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणजे वयात तो हुशारी शोधत नसून फवारणी वाया गेली तर दिवाळीत जाब विचारायला याच खुर्चीत कोण सापडेल, एवढंच पाहत असतो.

कुणी म्हणेल, यात वयाचा काय संबंध, सगळा खेळ उधारीचा. कापूस विकल्यावर किंवा ऊसतोडीची उचल हाती आल्यावर पैसे फिटतात. मग वही ज्याची, त्याचं ऐकावंच लागतं. पण वही पुष्कळदा तो पोरगाच लिहीत असतो आणि रोखीचं गिऱ्हाईकही मालकांनाच विचारतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : वय म्हणजे अनुभव, आणि अनुभव म्हणजे ज्ञानच की. हे अर्धंच खरं. बीटी कापूस 2002 मध्ये आला आणि बोंडअळीची धास्ती बरीच वर्षं ओसरली. त्या काळात दुकानात बसू लागलेला माणूस 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली तेव्हा चाळिशीकडे झुकलेला असला, तरी या अळीपुढे नवखाच होता. डोमकळी, म्हणजे या अळीनं मिटलेलंच राहिलेलं फूल, ओळखायची सवय त्याच्या आधीच्या पिढीला होती. उलट नव्या औषधांच्या बाबतीत तीच पिढी अडखळते, आणि तीन औषधं एकाच पंपात ओतायचा सल्ला बिनदिक्कत देते.

कायदा तर वय विचारतच नाही. कीटकनाशक नियमांत 2015 मध्ये झालेल्या बदलानं विक्रेत्याला शिक्षणाची अट आली. जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची 'देसी' पदविका 2003 पासून आहे : वर्षभर, आठवड्यातून एक दिवस. बाटलीवरचा त्रिकोण लाल आहे की हिरवा, म्हणजे विष जहाल आहे की सौम्य, हे गिऱ्हाइकाला दाखवायचं काम या शिक्षणातून यावं अशी अपेक्षा. ते काम पोरगा करतो, आणि गिऱ्हाईक त्याचं ऐकतंही. रोगट पानाचा फोटो रात्री व्हॉट्सॲपवर त्यालाच जातो. फक्त सकाळी दुकानात येऊन तोच सल्ला म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा वदवून घेतला जातो. पुढे दोन-चार हंगाम, औषध लागू पडलं नाही म्हणून तावातावानं आलेल्यांसमोर पोरगा खुर्ची न सोडता बसून राहतो, आणि मग कधीतरी "मालक नाहीत का" बंद होतं. केस तोवर काळेच असतात.